आधी पाय मोजा, मग बूट घ्या: ठाणे-नवी मुंबईच्या रस्त्यांसाठी सायकलचे बूट, इनसोल आणि दिवे

ठाण्यातल्या घरापासून ऐरोलीच्या ऑफिसपर्यंत सायकलवरून किती वेळा पाय खाली टेकावा लागतो, ते मी एका सकाळी मोजलं. कोर्टनाका, कळव्याचा पूल, विटावा, दिघा, ऐरोली असा जेमतेम दहा किलोमीटरचा रस्ता. एकवीस वेळा पाय टेकला. कुठे सिग्नल, कुठे आडवी आलेली रिक्षा, कुठे टीएमटीची बस थांब्यावर तिरकी उभी.

त्या दिवसापासून सायकलच्या बुटांकडे बघायची माझी नजर बदलली. बुटांबद्दलचे बहुतेक सल्ले मोकळ्या रस्त्यावर दोन-दोन तास न थांबता जाणाऱ्यांच्या सोयीचे असतात. आपल्याकडे बूट पेडलवर जितका चालला पाहिजे, तितकाच तो ओल्या डांबरावर, जिन्यावर आणि पेव्हर ब्लॉकवरही चालला पाहिजे. दिव्यांचंही तसंच आहे. येऊरच्या जंगलातल्या रस्त्याला लागणारा दिवा वेगळा आणि पथदिव्यांच्या पाम बीच रोडला लागणारा वेगळा. म्हणून खरेदीला निघण्याआधी आपला पाय आणि आपला रस्ता, दोन्ही नीट मोजून घ्यायचे.

पाय कसा मोजायचा

सकाळी मोजू नका. दिवसभराच्या उभं राहण्याने आणि आपल्याकडच्या उकाड्याने पाय थोडा सुजतो, आणि सायकल चालवतानाही तो तसाच सुजलेला असतो. संध्याकाळी, सायकलवर घालता तेच मोजे घालून मोजा. भिंतीला टेकवून कागद ठेवा, टाच भिंतीला लावा आणि पूर्ण वजन टाकून उभे राहा. पेन्सिल सरळ उभी धरून सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा. पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, त्यामुळे अंगठाच धरून बसू नका. मग चवड्याच्या सर्वांत रुंद भागाच्या दोन्ही बाजूंना खुणा करा. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा.

हे सगळं सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. युरोपीय नंबरांत एका नंबराचा फरक सुमारे ६.७ मिलिमीटरचा असतो, म्हणजे अर्धा नंबर चुकला तरी तीन मिलिमीटरपेक्षा जास्त इकडेतिकडे होतं. सायकलचे भाग आणि बूट बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या तक्त्यात ४२ नंबरासमोर २६.५ सेंटिमीटर आणि ४३ समोर २७.२ सेंटिमीटर असतं. दुसऱ्या कंपनीचा ४२ तितकाच असेल असं धरून चालू नका. तक्त्यातला आकडा पायाच्या लांबीचा आहे की बुटाच्या आतल्या लांबीचा, तेही वाचा. आतल्या लांबीचा असेल तर बोटांपुढे पाच ते आठ मिलिमीटर जागा सोडून नंबर धरा.

दुकानात गेलात तर एक परीक्षा नक्की करा. बुटातलं इनसोल, म्हणजे आतला सुटा तळ, बाहेर काढा, फरशीवर ठेवा आणि त्यावर पूर्ण वजन टाकून उभे राहा. चवडा दोन्ही बाजूंनी इनसोलच्या बाहेर ओघळत असेल तर तो बूट तुमच्यासाठी अरुंद आहे. मऊ वाटला तरी घेऊ नका. भारतीय पाय पुढे रुंद आणि टाचेला अरुंद असणं अगदी सर्रास आढळतं, आणि युरोपीय साच्यावरचे बरेच बूट पुढे निमुळते असतात. अशा वेळी लोक एक नंबर मोठा घेतात. मग टाच आत सरकायला लागते आणि चवड्याची जागाही चुकते. त्यापेक्षा त्याच नंबरातला रुंद साचा शोधा. शिमानोचे काही बूट रुंद साच्यात मिळतात.

पेडल ठरल्याशिवाय बूट ठरत नाही

तीन वाटा आहेत: साधं सपाट पेडल, दोन बोल्टांचं क्लीट आणि तीन बोल्टांचं क्लीट. क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला बोल्टांनी बसवायचा तुकडा, तो खास पेडलमध्ये अडकतो आणि पाय वळवला की सुटतो.

ज्यांचं रोजचं अंतर दहा-बारा किलोमीटरच्या आत आहे आणि रस्ता माझ्यासारखा थांबत-थांबत जाणारा आहे, त्यांना मी मनापासून सपाट पेडल सांगेन. पेडल रुंद हवं आणि त्यावर छोट्या धातूच्या पिना हव्यात. बुटाचा तळ सपाट आणि बऱ्यापैकी कडक हवा. धावायचे बूट इथे कमी पडतात, कारण त्यांचा जाड मऊ तळ प्रत्येक दाबाला दबतो आणि पेडलभोवती वाकतो. बूट हातात घेऊन मधोमध वाकवून बघा. चवड्यापाशी थोडा वाकला तर ठीक. मधोमध घडी पडत असेल तर तासाभरात तळवा दुखणार. नाडीची टोकं जिभेखाली किंवा इलॅस्टिकच्या पट्टीखाली खोचता आली पाहिजेत. उजव्या बुटाची सुटलेली नाडी चेनमध्ये गुंडाळली गेली तर सिग्नलवर पाय खालीच येत नाही.

दोन बोल्टांची एसपीडी पद्धत शिमानोने १९९० मध्ये आणली, ती मुळात डोंगरी सायकलींसाठी. लोखंडी क्लीट लहान असतं आणि बुटाच्या तळात आत बसतं, त्यामुळे चालताना टाच आणि चवडा दोन्ही जमिनीला नीट लागतात. स्टेशनच्या पादचारी पुलावर सायकल खांद्यावर घेऊन चढायची असेल किंवा येऊरच्या कच्च्या वाटेवर उतरून ढकलायची असेल, तर हेच बूट उपयोगाचे.

तीन बोल्टांचं क्लीट मोठं, प्लास्टिकचं आणि तळाबाहेर आलेलं असतं. १९८५ ची टूर द फ्रान्स शर्यत सायकलपटू बर्नार्ड इनोने लुक कंपनीच्या अशा पेडलांवर जिंकली आणि पाय पट्ट्याने बांधायची जुनी रीत त्यानंतर मागे पडत गेली. ताकद पेडलवर पसरण्यात ही पद्धत उत्तम. पण रविवारी राइड संपवून मिसळीच्या दुकानातल्या ओल्या फरशीवर त्या बुटांनी चालून बघा, म्हणजे माझा मुद्दा कळेल. पहाटे पाम बीच रोडवर वाशी ते बेलापूर फेऱ्या मारणाऱ्यांनी ते घ्यावेत. रोज ऑफिसला जाणाऱ्यांनी घेऊ नयेत.

क्लीट लावायचं कसं

हे काम दुकानदारावर सोडू नका. त्याच्याकडे वेळ कमी असतो, आणि गुडघे तुमचे असतात.

१. बूट घालून अंगठ्याच्या मुळाशी असलेलं उंच हाड बोटाने चाचपा. तिथे बुटाच्या कडेवर चिकटपट्टीची खूण करा. करंगळीच्या मुळाशी असलेल्या हाडाचीही तशीच खूण करा. करंगळीची खूण नेहमी थोडी मागे येते.

२. पेडलचा आस या दोन खुणांच्या मध्ये आला पाहिजे. नवख्यांनी तो मागच्या खुणेकडे झुकता ठेवावा. क्लीट जितकं पुढे, तितका पोटरीवर आणि चवड्यावर ताण जास्त.

३. उंच टेबलावर बसून पाय लोंबकळू द्या. पावलं आपोआप थोडी बाहेर वळलेली दिसतात, कुणाची अगदी सरळ. क्लीट त्याच कोनात बसवा. पाय जबरदस्तीने सरळ केला तर त्याचा हिशोब गुडघा मागतो.

४. बोल्टांच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत न लावलेला बोल्ट वर्षभरात गंजून अडकतो. ४ मिलिमीटरच्या ॲलन कीने दोन्ही बोल्ट आलटून पालटून आवळा. आवळायचा जोर शिमानोने ५ ते ६ न्यूटन-मीटर सांगितला आहे. हा जोर मोजणारा टॉर्क रेंच नसेल तर छोटी ॲलन की घेऊन मनगटाच्या जोराने घट्ट करा, सगळं अंग टाकू नका.

५. पेडलच्या स्प्रिंगचा ताण सगळ्यात कमीवर आणा. शिमानोच्या बहुतेक एसपीडी पेडलना त्यासाठी ३ मिलिमीटरच्या ॲलन कीने फिरवायचा स्क्रू असतो.

क्लीटचे प्रकारही बघून घ्या. एसपीडीत एसएच५१ नावाचं काळं क्लीट टाच बाहेर वळवल्यावर सुटतं. एसएच५६ इतर दिशांनी पाय वळवला किंवा तिरका ओढला तरी सुटतं. पहिल्या सहा महिन्यांसाठी मी एसएच५६ घ्यायला सांगते, फक्त चढावर पेडल वर ओढताना ते कधी अचानक सुटू शकतं हे लक्षात ठेवा. तीन बोल्टांच्या शिमानो क्लीटमध्ये रंगावरून मोकळीक, म्हणजे पाय न सुटता किती वळू शकतो ते, कळते: पिवळ्याला ६ अंश, निळ्याला २ अंश, लाल पूर्ण स्थिर. सुरुवात पिवळ्यापासूनच करा.

आता सगळ्यात महत्त्वाची सवय. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, म्हणजे उजवीकडे कायम वाहनं. थांबताना डावाच पाय सोडवायचा, शरीर डावीकडेच कलवायचं, आणि पाय सोडवायचा तो ब्रेक दाबण्याच्या आधी. पहिल्या आठवड्यात मी तीन हात नाक्याच्या सिग्नलवर आधी थांबले आणि मग पाय सोडवायला गेले. डावा पाय निघाला नाही आणि मी उजवीकडे कलंडले. मागचा टेम्पो लांब होता म्हणून खरचटण्यावर निभावलं. त्यामुळे रस्त्यावर नेण्याआधी सोसायटीच्या आवारात भिंतीला हात टेकून प्रत्येक पाय पन्नास वेळा अडकवा आणि सोडवा. मग हळू चालवत, थांबत पुन्हा पन्नास वेळा. विचार न करता टाच बाहेर वळायला लागली की मगच गेटबाहेर पडा.

पहिल्या चार-पाच फेऱ्यांत ॲलन की खिशात ठेवा. काही दुखलं तर थांबून क्लीट एक-दोन मिलिमीटर हलवा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही.

तळव्याची आग, मुंग्या आणि इनसोल

तासाभरानंतर चवड्याखाली आग होते, बोटं बधिर होतात, ही तक्रार सायकलवाल्यांत फार ऐकू येते. लोक लगेच जाड जेलचं इनसोल आणतात आणि बहुतेकदा त्रास वाढतो. बुटात जागा ठरलेली असते. जाड इनसोलने पाय वर उचलला जातो, वरचा पट्टा आणखी दाबतो, आणि बोटांच्या मधून जाणाऱ्या नसांवरचा दाब वाढतो.

माझा क्रम असा आहे. आधी पुढचा पट्टा किंवा नाडी सैल करा. टाचेकडचा पट्टा घट्ट आणि बोटांकडचा ढिला, हे सूत्र बहुतेक पायांना चालतं. मग पातळ मोजे वापरून बघा. मग क्लीट दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या, सपाट पेडल असेल तर पाऊल थोडं पुढे सरकवून ठेवा. यातलं काहीच चाललं नाही तर इनसोल. आणि बूटच अरुंद असेल, तर जगातलं कुठलंही इनसोल त्याला रुंद करत नाही.

इनसोलचं काम गादीचं नाही. तळव्याची कमान आणि बूट यांच्यातली पोकळी भरून वजन सगळ्या पावलावर पसरवणं हे त्याचं काम. बुटाबरोबर येणारं इनसोल बहुधा फोमचा सपाट तुकडा असतो. त्यामुळे कमान अधांतरी राहते आणि सगळा भार चवड्यावर येतो. कमानीचा ढोबळ अंदाज घरी घेता येतो: पाय ओला करून कोरड्या फरशीवर उमटवा. मधला भाग जवळजवळ पूर्ण उमटला तर कमान सपाट, मध्ये बारीक पट्टी उमटली किंवा काहीच उमटलं नाही तर कमान उंच. पण उभं राहून उमटलेला ठसा आणि पेडलवरचा पाय यांत फरक असतो, म्हणून शेवटची परीक्षा बुटातच घ्यायची. बरोबर बसलेला आधार पाच मिनिटांनी जाणवेनासा होतो. खडा टोचल्यासारखं वाटत राहिलं तर तो उंच आहे.

कमानीचा आधार वेगवेगळ्या उंचीत देणारी, किंवा गरम करून पायाच्या आकारात बसणारी इनसोल मिळतात. काहींत चवड्याच्या जरा मागे एक छोटा उंचवटा असतो, त्याने चवड्याची हाडं थोडी फाकतात आणि नसांना जागा मिळते. हा उंचवटा हाडांच्या मागे हवा, थेट खाली आला तर दुखणं दुप्पट. नवं इनसोल कापताना जुनं त्यावर ठेवून पेनने रेघ मारा आणि रेघेच्या जरा बाहेरून कापा. मग बुटात घालून बघत थोडं-थोडं कमी करा. जुनं काढल्याशिवाय नवं घालू नका. पहिल्या तीन-चार राइड अर्ध्या तासाच्याच ठेवा.

सायकलवरून उतरल्यावरही तासन्‌तास बधिरपणा राहत असेल, किंवा रात्री पायात मुंग्या येत असतील, तर प्रयोग थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर इनसोल स्वतःच्या मनाने बदलू नका. मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते, फोड आलेला कळतही नाही. अशांनी प्रत्येक राइडनंतर तळवे आणि बोटांमधल्या जागा डोळ्यांनी तपासायच्या.

दिवे: मागचा आधी

पैसे कमी असतील तर बूट पुढच्या महिन्यात घ्या, मागचा लाल दिवा आज घ्या. हिशोब साधा आहे. तुम्ही ताशी २० किलोमीटरने चालला आहात आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर मागून ट्रक ६० ने येतो आहे. फरक ४० चा, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. तुम्ही त्याला ५० मीटरवरून दिसलात तर त्याच्याकडे साडेचार सेकंद आहेत. २०० मीटरवरून दिसलात तर अठरा.

मागे दोन लाल दिवे लावा. एक सीटच्या दांड्यावर, स्थिर जळणारा. दुसरा हेल्मेटवर किंवा बॅगेवर, हळू लुकलुकणारा. लुकलुक लक्ष वेधते, पण नुसत्या लुकलुकणाऱ्या दिव्यावरून अंतराचा अंदाज घेणं मागच्या ड्रायव्हरला अवघड जातं. ते काम स्थिर दिवा करतो. आणि दोन असले की एक बंद पडला तरी तुम्ही अंधारात राहत नाही.

गेल्या पावसाळ्यात विटाव्यापाशी एका रिक्षावाल्याने शेजारी येऊन सांगितलं, "ताई, मागचा लाइट लावा, काही दिसत नाहीये." दिवा चालूच होता. रेनकोटचा मागचा पदर त्याच्यावर आला होता. किती दिवस मी तशी जात होते कोण जाणे. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते: रेनकोट, बॅग, कॅरिअरवरचा डबा, रोज असतं ते सगळं चढवून सायकलवर बसा आणि कुणाला तरी पन्नास पावलं मागे उभं करून विचारा, दिवा दिसतो का. दिव्याचं तोंड सरळ मागे आहे ना तेही बघा. तिरक्या दांड्यावर तो बऱ्याचदा जमिनीकडे नाहीतर आभाळाकडे रोखलेला असतो.

पुढच्या दिव्याचं गणित रस्त्यावर ठरतं. पाम बीच रोडवर पथदिवे आहेत, तिथे तुम्हाला रस्ता दिसतोच. तुम्ही इतरांना दिसायला हवं, आणि त्यासाठी १०० ते २०० ल्युमेन (प्रकाश मोजायचं एकक) पुरतात. अंधाऱ्या अंतर्गत रस्त्यांना ४०० च्या आसपास हवेत. येऊरसारख्या जंगलातल्या उताराला ८०० पर्यंतचा दिवा सोबतीला बरा. तिथे वनखात्याच्या वेळा पाळा, राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे आणि बिबट्यांचा वावर आहे.

खोक्यावरचे ल्युमेन फक्त एकूण प्रकाश सांगतात, तो पडतो कुठे हे सांगत नाहीत. बॅटरीसारखा गोल झोत निम्मा प्रकाश झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत टाकतो. जर्मनीच्या एसटीव्हीझेडओ नियमाप्रमाणे बनवलेल्या दिव्यांचा झोत वरून कापलेला असतो, मोटारीच्या लो बीमसारखा. कमी ल्युमेनमध्येही त्यांत रस्ता जास्त दिसतो. मिळाला तर तोच घ्या.

रोख असा तपासा. ताशी २५ किलोमीटरला सायकल सेकंदाला सुमारे ७ मीटर जाते. खड्डा दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद, मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सहा-सात मीटर. म्हणजे निदान १५ मीटर पुढचं दिसायला हवं. हँडलवरचा दिवा जमिनीपासून एक मीटर उंच असेल, तर भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी करा. झोताचा सगळ्यात उजळ भाग भिंतीवर ६५ ते ७० सेंटिमीटर उंचीवर पडला पाहिजे. त्याच्या वर असेल तर समोरच्याचे डोळे दिपतात. आणि वर्दळीत पुढचा दिवा लुकलुकता ठेवू नका.

पावसात हे गणित बिघडतं. ओला रस्ता प्रकाश पुढे फेकतो, तुमच्याकडे परत येतच नाही. रस्ता काळाठिक्कर दिसतो आणि पाण्याने भरलेला खड्डा साध्या डबक्यासारखा. दिवा कितीही मोठा असो, तिथे वेग कमी करणं हाच उपाय आहे. खड्डे ओळखायला हँडलवरचाच दिवा बरा, कारण खालून आलेल्या प्रकाशाने खड्ड्याच्या कडेची सावली लांब पडते. नुसत्या हेल्मेटवरच्या दिव्याने रस्ता सपाट भासतो.

बॅटरीचे तास वाचताना ते कोणत्या मोडचे आहेत ते बघा. खोक्यावर मोठ्या अक्षरात असतात ते बहुधा सगळ्यात मंद मोडचे. तुम्ही वापरणार त्या मोडवर तुमच्या प्रवासाच्या दीडपट वेळ चालला पाहिजे. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, जूनच्या सुरुवातीला सहाला. उन्हाळ्यात पुरणारी बॅटरी थंडीतल्या पहाटेला अपुरी पडते ती त्यामुळे. पाण्यासाठी आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सोसणारा दिवा, आयपीएक्स६ जोराचा मारा सोसणारा. जुलैसाठी दुसराच घ्या, आणि चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण रोज दाबून बसवा.

रिफ्लेक्टर पट्ट्या घोट्यांवर बांधा. घोटा वर-खाली होतो, आणि त्या हालचालीवरून मागच्याला हा माणूस आहे, सायकलवर आहे, हे चटकन कळतं. पाठीवरच्या स्थिर पट्टीने तितकं कळत नाही. फ्लुरोसंट पिवळं जॅकेट दिवसाउजेडीच उपयोगाचं, अंधारात चमकते ती त्यावरची चंदेरी पट्टी. दोनशे किलोमीटर आणि पुढच्या ब्रेव्हे राइडमध्ये, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये, रात्री पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर जॅकेट सक्तीचं असतं. तीच सक्ती मी ऐरोलीच्या दहा किलोमीटरला स्वतःवर घालून घेतली आहे.

भिजलेले बूट

विटाव्याच्या भुयारी रस्त्यात पाणी साचलं असेल तर त्यातून सायकल घालू नका, खालचं झाकण उघडं आहे की नाही दिसत नाही. बूट भिजले की घरी आल्याबरोबर इनसोल काढून वेगळं वाळत टाका, बुटात वर्तमानपत्र कोंबा आणि दोन तासांनी बदला. उन्हात किंवा गीझरजवळ ठेवू नका, चिकटवलेला तळ सुटतो. क्लीटचे बोल्ट पुसून तेलाचा एक थेंब द्या. जून ते सप्टेंबर दर रविवारी ते बोल्ट एकदा ॲलन कीने तपासा. एक जरी सैल झाला तरी टाच वळते, क्लीट बुटाखाली फिरत राहतं आणि पाय सुटत नाही.